जर्मनची पाच विमानं

ये वं पोरी, अशी जवळ येऊन बस. बंगलोरहून कशी येऊ म्हणशील, तर मनानं ये, पण बस. आधी थोडं बोलून घेते तुला, लाडाचं मग पाहू. काल माझ्या सुनेनं तिच्या फोनवर मला तुझ्या आजोबांचा फोटो दाखवला. विमानात बसलेले, डोक्यावर टोप, डोळ्यांवर तो जाड चष्मा. खाली तू इंग्रजीत लिहिलंस की माझ्या आजोबांनी दुसऱ्या महायुद्धात जर्मनीची पाच लढाऊ विमानं पाडली, मला त्यांचा अभिमान आहे. त्याखाली लोकांनी हात काय जोडले, झेंडे काय लावले. इतके शिकलेले लोक, पण एकानंही बोटांवर हिशोब केला नाही. अगं, ते युद्ध संपलं तेव्हा तुझे आजोबा दुसरीत होते आणि तेराचा पाढा येत नाही म्हणून बाकावर उभे होते. हे मला त्यांनीच सांगितलं.

विचारायचं तरी होतंस. मी काय मेली होती? तुमच्या घरात वरच्या मजल्यावर माझा अर्धा जन्म भाड्यानं गेला. तू सुट्टीत यायचीस तेव्हा मला 'वरची आजी' म्हणायचीस आणि माझ्या डब्यातले शेवेचे लाडू संपवून खाली जायचीस. अभिमान बाळग, मी नाही म्हणत नाही. पण खऱ्याचा बाळग. तो फोटो जिथून आला ना, ते एक फ्लेक्स होतं, आणि त्या फ्लेक्सची गोष्ट मला पाठ आहे.

तर ऐक.

नागपुरात रामदासपेठेतल्या तुमच्या घराच्या एका बाजूला हाडांचा दवाखाना, दुसऱ्या बाजूला दातांचा आणि समोर पोटाचा. मधे तुझे आजोबा. लोक म्हणायचे, एवढ्यात एक डोक्याचाच राहिला. मी लग्न होऊन नवीन आली होती आणि आमचे हे हिंगण्याच्या कारखान्यात लागले होते. खोल्या पाहायला आम्ही गेलो तर काकाजी (आम्ही त्यांना काकाजी म्हणायचो) भाड्याचं बोलेचनात. आम्हाला गच्चीवर घेऊन गेले, वर बोट केलं आणि ह्यांना म्हणाले, "ती घार पाहा. कोणत्या बाजूनं वळून राहिली?"

ह्यांना घारच दिसली नाही. मी म्हटलं, डावीकडे वळली, आता दवाखान्याच्या टाकीमागं गेली.

"बाईची नजर चांगली आहे," काकाजी म्हणाले. "सामान आणा."

अशा आम्हाला खोल्या मिळाल्या, माझ्या नजरेवर. ह्यांना ते जन्मभर लागून राहिलं.

त्यांचं सगळं जग लढाऊ विमानांचं. त्यातही जुन्या, नाकावर पंखा असलेल्या. जेटचं नाव काढलं तर म्हणायचे, तो बंब आहे, विमान नाही. आपल्या सोनेगावच्या विमानतळावर उतरणारं प्रवासी विमान घरावरून गेलं की आम्ही सगळे वर पाहायचो. ते नाही. "उडती एस्टी," म्हणायचे आणि पेपर उलटायचे.

गळ्यात त्यांच्या रेशमी रुमाल असायचा, हे तुला आठवत असेल. बाराही महिने. मे महिन्यात नागपूरची माणसं डोक्याला दुपट्टा बांधतात, हे गळ्याला रेशीम. तुझ्या आजीच्या लग्नातल्या शालूचा काठ फाडून केलेला होता तो, आणि काकूंनी त्याबद्दल त्यांना कधी माफ केलं नाही. विचारलं तर म्हणायचे, लढाईतल्या पायलटला सारखी मान फिरवावी लागते, मागं कोण आलं ते पाहायला. सुती कॉलरनं मान सोलून निघते, म्हणून ते रेशीम बांधत. "मान फिरवत राहा गा," असं ते दूधवाल्यापासून जावयापर्यंत सगळ्यांना सांगायचे. "जो मागं पाहत नाही, तो मरते." दूधवाला बिचारा सायकलवर मान फिरवता फिरवता एकदा दातांच्या दवाखान्याच्या पाटीवर आदळला. बरं झालं, दवाखाना तिथंच होता.

दुसरा नियम उन्हाचा. शत्रू नेहमी उन्हातून येतो, सूर्य पाठीशी घेऊन, म्हणजे आपल्याला दिसत नाही. म्हणून दुपारी दार वाजलं की काकाजी आधी डोळ्यांवर हात धरून खिडकीतून पाहायचे. काकूंच्या माहेरची माणसं काटोलहून बसनं यायची, संत्र्यांची पोती घेऊन, नेमकी बाराच्या टळटळीत. काकाजी आत येऊन सांगायचे, "उन्हातून आले. चार आहेत. एक जाडा आहे."

"तो माझा भाऊ होय," काकू म्हणायच्या.

आणि कूलर. तो तर रोजचा तमाशा. तुमच्या हॉलमधला तो पत्र्याचा दांडगा कूलर आपोआप कधी सुरूच व्हायचा नाही, पात्याला काठीनं ढकलावं लागायचं. आता हे नागपुरात घरोघरी असतं, त्यात काय एवढं? पण काकाजी काठी घेऊन उभे राहायचे, पाय फाकवून, आणि ओरडायचे, "कॉन्टॅक्ट." मग बटणाजवळ जो असेल त्यानं ओरडायचं, "कॉन्टॅक्ट." मगच बटण दाबायचं. तसं नाही ओरडलं तर ते पातं ढकलतच नसत, घामाच्या धारा लागल्या तरी. म्हणायचे, जुन्या विमानाचा पंखा असाच हातानं फिरवत, दोघांचं बोलणं न होता फिरवला तर फिरवणाऱ्याचा हात जायचा. एका उन्हाळ्यात घरी सत्यनारायण होता. पोथी वाचून गुरुजी घामाघूम, आणि बटणाजवळ तेच बसलेले. शेवटी गुरुजी म्हणाले, "कॉन्टॅक्ट." मग हवा आली.

स्कूटर तिरपी करून सुरू करायची, तीही एक शाळाच. एकीकडे स्कूटर कलवून ठेवायचे आणि सांगत बसायचे, की स्पिटफायर विमानाचं नाक एकदम खाली केलं की इंजिनात पेट्रोल पोचायचं नाही आणि ते खोकायचं. शत्रूचं नाही खोकायचं, म्हणून तो खाली बुडी मारून निसटायचा. एवढं सांगून होईपर्यंत आमच्या ह्यांची कंपनीची बस निसटायची.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र मला कळत नव्हती. भंगारवाला. गल्लीच्या तोंडाशी 'भंगार, लोहा' अशी हाक आली की हा शांत माणूस लालेलाल व्हायचा. काठी घेऊन धावायचा. घरात तुटलेलं काही विकू द्यायचा नाही. पाय मोडलेली खुर्ची, बुड गेलेली बादली, बंद पडलेला रेडिओ, सगळं गच्चीवर रांगेत लावलेलं. काकू चिडायच्या, "तुमच्या गच्चीवर काय लढाई होणार आहे?"

"असू दे. जागा मागून राहिलं का ते?"

आणि हा माणूस कोण होता? इतवारीत वडिलोपार्जित भांड्यांचं दुकान असलेला माणूस. विमान सोड, तो कधी रेल्वेनं मुंबईलाही गेला नव्हता. पायलट होते असं ते मला कधीच म्हणाले नाहीत. कोणी फार खोदून विचारलं तर एकच वाक्य बोलायचे, आणि तेही खाली पाहून.

"पाच इमानं पाडले म्या. जर्मनचे होते."

विमानाला आपल्याकडची जुनी माणसं इमान म्हणतात, ते तुला ठाऊक आहे. पण जर्मन म्हणजे काय, ते तुला ठाऊक नाही, इथंच सगळी गडबड आहे पोरी. तुमच्या बंगलोरच्या घरात काचेची, नाहीतर ती न चिकटणारी काळी भांडी. आमच्याकडे ॲल्युमिनियमला जर्मन म्हणतात. जर्मनचा डबा, जर्मनची परात, जर्मनचा गंज. आणि पाडणं म्हणजे काय, घर पाडतात ना, तसं. छिन्नी हातोड्यानं.

युद्ध संपून दहा-बारा वर्षं झाली होती. तुझ्या पणजोबांनी कुठल्याशा लिलावात पाच जुनी लढाऊ विमानं घेतली, धातूसाठी. ती ट्रकवर घालून आणली आणि दुकानामागच्या वाड्यात टाकली. काकाजी अठरा-एकोणीस वर्षांचे. बापानं हातात हातोडा दिला. एका उन्हाळ्यात त्यांनी पाचही पाडली. ती वितळवून त्याचे डबे झाले, पराती झाल्या, गंज झाले. अर्ध्या नागपूरनं लढाऊ विमानात वरण शिजवलं आणि कोणाला पत्ता नाही.

हे आम्हाला, म्हणजे घरातल्यांना, माहीत होतं. गल्लीला नव्हतं. पण गल्लीनं त्या एका वाक्यापुढं कधी विचारलंही नव्हतं, तोवर आमचे लोकप्रिय आले.

लोकप्रिय म्हणजे आमचे तेव्हाचे नगरसेवक. त्यांचं नाव मी लिहीत नाही, पण त्यांच्या प्रत्येक फ्लेक्सवर नावाआधी 'लोकप्रिय' असायचं, तेव्हा तेच खरं नाव समज. शेजारच्या वॉर्डातल्या बगिच्यात सेनेचा जुना रणगाडा आणून ठेवला होता. पोरं त्यावर चढायची, म्हातारे त्याच्या सावलीत बसायचे. आमच्या लोकप्रियांच्या पोटात दुखायला लागलं, आणि पोटाचा दवाखाना समोर असून त्यांना बरं वाटेना. त्यांच्या वॉर्डात रणगाडा, तर आपल्या वॉर्डात विमान पाहिजे. पण विमान मागायचं तर काहीतरी निमित्त हवं. तेवढ्यात पानठेल्यावर त्यांना कोणीतरी सांगितलं, की गळ्यात रेशीम बांधणाऱ्या काकाजींनी पाच विमानं पाडली आहेत.

ते घरी आले. मी तेव्हा खालीच होती, काकूंना पापड लाटू लागत होती.

"काकाजी, खरं का? पाच?"

"पाच."

"कोनाचे जी?"

"जर्मनचे."

लोकप्रियांनी काकाजींचे पाय धरले. सोबत आलेल्या माणसाला म्हणाले, "फोटो काढ." मग उभे राहून म्हणाले, "काकाजी, पाच पाडणाऱ्याले एस म्हणते. एस म्हणजे एक्का. आपल्या वॉर्डात एक्का आहे अन् आपल्यालेच माहीत नाही. आता विमान द्याच लागन सेनेले. बगिच्यात चबुतरा बांधतो, त्याच्यावर विमान उभं करतो, अन् खाली तुमचं नाव."

आता सांगायला पाहिजे होतं ना? काकाजींनी तोंड उघडलं. मी पाहिलं. काकूंनी लाटणं थांबवलं. आणि काकाजींच्या तोंडून निघालं ते एवढंच:

"पंखासकट?"

"पंखासकट, काकाजी."

काकाजी खाली बसले आणि एक कच्चा पापड तोंडात घातला.

पुढचे दोन महिने तो माणूस चांगला राहिला नाही. कंत्राटदाराबरोबर चबुतऱ्यावर उभे राहून तिरपा उतार त्यांनीच काढून दिला. "विमान सपाट ठेवाचं नाही. नाक वर पाहिजे. आता उडते, असं वाटलं पाहिजे." आणि घरी आले की जेवायचे नाहीत. आमचे हे एकदा लोकप्रियांना हळूच म्हणाले, की बुवा त्या युद्धात काकाजी तर शाळेत होते. लोकप्रिय म्हणाले, "साहेब, देशभक्तीत वय काढाचं नसते."

मग फ्लेक्स लागलं. तेच, तुझ्या फोटोतलं. कोणा दुसऱ्याच पायलटच्या धडावर आजोबांचं तोंड. खाली लिहिलेलं, 'जर्मनीची पाच विमाने पाडणारे नागपूरचे सुपुत्र.' काकाजी फ्लेक्ससमोर उभे राहिले आणि मला म्हणाले, "वहिनी, हे विमान पाहिलं का? खिडक्या आहेत त्याले. हे एस्टी आहे." एवढं मोठं खोटं त्यांना खपत होतं, पण विमान चुकलेलं खपत नव्हतं. छापणाऱ्याकडे जाऊन भांडून आले.

सत्काराच्या आदल्या दुपारी ते वर आले. कधी येत नसत. माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसले आणि काखेतून एक झाकण काढून माझ्यासमोर ठेवलं. साधं जर्मनचं झाकण, तुमच्या घरी दुधाच्या गंजावर रोज असायचं ते. त्याच्या एका कडेनं बारीक भोकांची ओळ. तू लहानपणी त्यातून डोळा लावून पाहायचीस.

"हे दुकानातलं नाही," ते म्हणाले. "हे वितळवलं नाही म्या. एका इमानाच्या कुशीवर, पायलट बसते तिथं खाली, पाच लाल टिकल्या होत्या. मले वाटलं, ट्रकवाले लावतेत तसं कोणी नटवलं असन. मायले आवडन म्हणून टिकल्यांसकट तेवढा पत्रा कापला अन् झाकण केलं. भोकं आहेत ते रिबिटांचे. वाफ निघून जाते, दूध उतू जात नाही. माय खूश झाली."

मी झाकण उलटंपालटं करून पाहिलं. टिकली कुठं दिसेना.

"मग पुष्कळ वर्षांनी एक पुस्तक हाती लागलं. त्यात तसाच फोटो. तेव्हा समजलं. तिकडे ब्रह्मदेशाच्या लढाईत जपानी विमान पाडलं की एक टिकली लावत. म्हणजे पाच पाडणारा तो खरा एक्का, वहिनी, अन् त्याचं इमान म्या पाडलं. अशानं माझे किती झाले?"

मी विचारलं, "मग टिकल्या कुठं गेल्या?"

"आधी माय, मंग हे," त्यांनी खाली, काकूंच्या दिशेनं बोट दाखवलं. "रोज राखेनं घासे. एक राहिली आहे, अर्धी. उजेडात धरा."

उजेडात धरलं. कडेला खरंच एक फिक्कट लाल कोर होती, नखाएवढी.

"एक तरी उभं राहावं, वहिनी. अख्खं. पंखासकट. मी जाच्या आधी. उद्या बोललो तं ते येत नाही. नाही बोललो तं माझ्या नावाखाली उभं राहते, अन् ते नाव खोटं. आता तुमीच सांगा."

मी चहा ठेवला. चहा झाल्यावर ते झाकण काखेत घेऊन खाली गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बगिच्यात मांडव. पुढं सोफे, मागं प्लास्टिकच्या खुर्च्या, डावीकडे आम्ही बायका. चबुतरा फुलांनी सजवलेला, रिकामा. बोलायला पुण्याहून एक वक्ते आणले होते, आवाज असा की त्यांना माईक देणं म्हणजे पुरात हंडा ओतणं. लोकप्रियांनी काकाजींना शाल घातली, श्रीफळ दिलं, आणि म्हणाले दोन शब्द बोला.

काकाजी उभे राहिले. गळ्यात रेशीम, वरून शाल. एकदा मान फिरवून मागं पाहिलं. मग माईकमध्ये म्हणाले, "पाच इमानं पाडले म्या."

टाळ्या.

"जर्मनचे होते."

टाळ्या थांबेचनात. काकाजी हात वर करून थांबले. मला दिसलं, ते ठरवून आले होते. ते म्हणाले, "ऐका तं. त्याचे आमी गंज केले. लहान, मोठे. अर्ध्या नागपुरात आमचे गंज गेले." आणि खाली बसले.

सांगितलं होतं पोरी त्यांनी. भर सभेत, माईकवर, इमानानं. पण माईक लगेच पुण्याच्या वक्त्यांनी घेतला. त्यांचे डोळे भरून आले होते.

"काय बोलून गेले काका," ते म्हणाले. "विमानांचा गंज झाला. मित्रहो, शौर्यावर गंज चढतो. इतिहासावर गंज चढतो. लहान गंज, मोठा गंज. हा गंज आज आपल्या घराघरात गेला आहे."

पुढच्या सोफ्यांवरच्या माणसांनी माना डोलावल्या. आपलीच नागपूरची माणसं, रोज बायको गंजात दूध तापवते ते पाहणारी, पण पुण्याच्या माणसानं गंज म्हणजे लोखंडावरचा तो लाल जंग म्हटल्यावर त्यांनाही तेच वाटायला लागलं. इकडे बायकांच्या खुर्च्यांत मात्र खुसखुस सुरू झाली. मी काकूंकडे पाहिलं. त्या हसत नव्हत्या. त्या काकाजींकडे पाहत होत्या. ते सोफ्यावर मान खाली घालून बसले होते. मान फिरवत नव्हते, काही नाही. सांगून झालं होतं, आणि कोणी ऐकलं नव्हतं, आणि विमान अजून येणार होतं. काय वाटत असेल त्यांना, सुटल्याचं की अडकल्याचं, देव जाणे.

काकू उठल्या. तुझी आजी, जी परक्या माणसासमोर पदर सावरल्याशिवाय हं म्हणत नसे, ती मांडवाच्या मधोमध गेली आणि माईकबिईक काही न घेता म्हणाली:

"अवो साहेब, जंग नाही वो. गंज. दूध तापवाचा गंज. अन् जर्मन म्हणजे जर्मनी नाही, हे आपलं भांड्याचं जर्मन. ह्याहीनं भंगारातले इमानं फोडले अन् भांडे केले. ते दोन डाव सांगून राहिले, तुमी ऐकून नाही राहिले."

बायकांचं हसू जे फुटलं, ते पार बगिच्याच्या फाटकापर्यंत गेलं. सोफ्यांवर समजायला थोडा वेळ लागला. लोकप्रियांना सगळ्यात आधी समजलं, ते त्यांचं कामच. त्यांनी बँडवाल्याला हात केला. वक्ते माईक धरून तसेच उभे. मग हळूच शेजारच्याला विचारते झाले, "म्हणजे गंज म्हणजे पातेलं?"

घरी येताना मी त्या दोघांच्या मागून चालत होती, म्हणून ऐकलं. हाडांच्या दवाखान्यापर्यंत आलो. मग काकाजी म्हणाले, "माझं सहावं पाडलं तू."

"पडू द्या," काकू म्हणाल्या. "खोट्यावर उभं राहिलं असतं ते. रोज सकाळी मान वर करून पाहता आलं असतं का त्याच्याकडं तुमाले?"

काकाजींनी रेशीम सोडलं, घाम पुसला आणि पुन्हा बांधलं. "नाई," म्हणाले.

विमान आलं नाही, हे सांगायला नकोच. गल्लीनं त्यांना 'भंगारवाले काकाजी' असं नवीन नाव दिलं. काल पाय धरणारे आज रस्त्यात आकाशाकडे पाहू लागले. चौथ्या दिवशी लोकप्रिय स्वतः आले, उभ्या उभ्याच. म्हणाले, "काकाजी, ती शाल... परवा दुसरा सत्कार आहे." काकूंनी शाल इस्त्री करून दिली. नारळ मागितला नाही, कारण त्याची चटणी झाली होती.

राहिला चबुतरा. रिकामा तर ठेवता येत नाही, विरोधक हसतात. म्हणून लोकप्रियांनी त्यावर सिमेंटचं संत्रं बसवलं. भलं मोठं, नारिंगी, वर दोन हिरवी पानं. पण चबुतरा काकाजींनी विमानासाठी तिरपा केलेला. त्यामुळं ते संत्रं असं दिसतं की आता घरंगळलं आणि निघालं काटोलला. लोक फार हसले. काकाजी रोज सकाळी फिरायला जायचे, संत्र्यासमोर उभे राहायचे, आणि मला एकदा म्हणाले, "वहिनी, तुमची नजर चांगली आहे. पाहा. दोन पानं आहेत का पंख?"

निवडणुकीत लोकप्रिय पडले. नवीन आले ते म्हणाले, ते हास्यास्पद संत्रं पाडा, तिथं फोटो काढायची जागा करू. एप्रिलच्या टळटळीत दुपारी दोन मजूर घण घेऊन आले. मी गच्चीवर सांडगे वाळवत होती, मला खाली दिसलं, काकाजी निघालेत. काठी नाही, चप्पल नाही, गळ्यात रेशीम. मी काकूंना हाक मारली. आम्ही दोघी पदरात कांदा बांधून मागं धावलो, ऊन लागू नये म्हणून. जाऊन पाहतो तर काकाजी चबुतऱ्यावर, संत्र्याला पाठ टेकून बसलेले.

"उठा ना बाबाजी," मजूर म्हणत होता. "आमाले काम करू द्या."

"तू कर बापू. मले उठाचं काहून सांगून राहिला? मी तरुणपणी पाच पाडले. आता माझ्या डोळ्यांदेखत काही पडणार नाही."

काकू चबुतऱ्यावर चढल्या आणि त्यांच्या शेजारी बसल्या. मग मीही बसली. त्या संत्र्याची सावली चांगली पडते, हे त्या दिवशी कळलं. तिघं म्हातारे सिमेंटच्या संत्र्याखाली, आणि मजूर घणावर हनुवटी टेकून झाडाखाली. थोड्या वेळानं त्यांनी डबे उघडले, आम्हालाही विचारलं. संध्याकाळपर्यंत बगिच्यात फिरायला येणारे जमले, कोणी फोन केले, कोणी फोटो पाठवले. सात वाजता नवीन साहेब आले, गर्दी पाहिली, आणि म्हणाले की कोणी सांगितलं पाडायला? दुसऱ्या दिवशी फाटकावर फ्लेक्स: 'संत्रे वाचवा', आणि खाली त्यांचाच हात जोडलेला फोटो.

काकाजी तो फ्लेक्स वाचून घरी आले. कूलरसमोर काठी घेऊन उभे राहिले. बटणाजवळ काकू होत्या.

"सहावं नाही पडलं वं," ते म्हणाले.

"कॉन्टॅक्ट," काकू म्हणाल्या.

एवढं आयुष्यात पहिल्यांदा त्या आपणहून म्हणाल्या. नाहीतर नेहमी चिडून म्हणायच्या.

ते गेले त्याच वर्षीच्या थंडीत. आजी मग तुमच्याकडे बंगलोरला आली. तुला हे सगळं तिनं सांगायला पाहिजे होतं, पण ती त्यांच्याबद्दल बोलतच नसे. बोलली ती एकदाच, तीही माईकशिवाय. निघताना तिनं ते झाकण माझ्याकडे ठेवलं. म्हणाली, "तिकडे काचेची शेगडी आहे म्हणते सून. तिच्यावर जर्मन तापतच नाही." तेव्हापासून माझ्याकडे दूध उतू जात नाही.

तर तो फोटो काढून टाक, माय. नाहीतर राहू दे, पण खाली खरं लिही. पाच लढाऊ विमानं मोडली, त्याचं ओझं जन्मभर गळ्यात बांधलं, आणि एक संत्रं उभं ठेवलं, असं लिही. हात जोडणारे कमी होतील. होऊ दे.

आणि लवकर ये. झाकण तुझं आहे, ते घेऊन जा. कुरिअरनं पाठव म्हणू नको, लढाऊ विमान मी एस्टीनं पाठवणार नाही. ती अर्धी टिकली अजून आहे, राखेनं घासत नाही मी, ओल्या फडक्यानं पुसते. गंजात दूध तापवू, बगिच्यात जाऊन त्या संत्र्याखाली बसू. फक्त भर दुपारी येऊ नको हो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे माझ्या, उन्हातून आलेलं माणूस आता मला दिसत नाही. संध्याकाळी ये, म्हणजे कोपऱ्यावर वळलीस की मी ओळखीन.